पडद्याकडे पाठ

“शलाका म्हणते, थ्रिलर हा कानांनी बघायचा असतो.”

विश्वजितनं चपला काढायच्या आधीच हे वाक्य घरात सोडलं. रविवारची संध्याकाळ होती. मी भिंतीला टेकून चिमीला पाजत होते आणि गॅसवर भाताला उकळी फुटत होती.

“कानांनी बघायला तो काय रेडिओ आहे?” मी म्हटलं.

“तसं नाही गं. आज तिनं जपानी सिनेमा लावला होता. एक म्हातारा, एक भाडेकरू आणि जिन्यातली एक पायरी. पायरीवर पाय पडला की करकर वाजते. आणि शेवटी, ऐक हं, शेवटी पाय पडतो आणि ती वाजतच नाही. बस्स! एवढ्यावर अख्खा हॉल गार.” मग गॅसकडे न बघताच म्हणाला, “बेडकिहाळ सर म्हणाले, अशी शिफारस कट्ट्यावर आजवर झाली नाही.”

भात उतू गेला. तो उतू गेलेला दोघांनाही दिसला, पण माझ्या मांडीवर पोर होतं आणि विश्वजितच्या डोळ्यांत अजून ती पायरी होती.

आजवर झाली नाही, म्हणे.

इचलकरंजीत आमचा एक सिनेमा-कट्टा होता. वाचनालयाच्या माडीवरच्या हॉलमध्ये महिन्यातून एका रविवारी जमायचो. निवृत्त प्राध्यापक बेडकिहाळ सरांनी तो सुरू केला होता आणि त्याचे नियमही त्यांचेच. दर खेपेला एकाला ‘चावी’ मिळायची, म्हणजे त्या महिन्याचा सिनेमा सुचवायचा मान. चावीवाल्यानं सुरुवातीला उभं राहून थोडं बोलायचं, शेवट मात्र चुकूनही सांगायचा नाही. आणि सिनेमा सुरू झाला की त्यानं पडद्याखालच्या एका खुर्चीत बसायचं. ती खुर्ची प्रेक्षकांकडे तोंड करून ठेवलेली असायची, पडद्याकडे पाठ. सर म्हणायचे, “सिनेमा तू बघितलायस. आता माणसं बघ. तुझी शिफारस खरी की खोटी, ते त्यांच्या तोंडावर दिसतं.”

त्या खुर्चीत एके काळी सगळ्यांत जास्त मी बसायचे. कोरियन, तैवानी, थाई, जपानी, जिथं माणसाच्या मनाचा तळ ढवळला जातो तिथले सिनेमे शोधून आणायचे. लोक मला वाटेत अडवायचे, “प्रणोती, डोकं भणभणेल असं काहीतरी सांग की.” विश्वजितनंही मला पहिल्यांदा पाहिलं ते त्या खुर्चीतच. पुढं कितीदा तरी सांगायचा, “मी त्या दिवशी पडदा बघितलाच नाही. हिचं तोंड बघत बसलो.”

मग लग्न झालं, मग चिमी झाली, आणि खुर्चीत शलाका अवटी आली. वस्त्रोद्योगाच्या कॉलेजात शिकवायला आलेली, एकटी खोली करून राहणारी. मी तिला तोवर एकदाच पाहिलं होतं, तेही लांबून. पण आमच्या घरात ती मिठासारखी होती, प्रत्येक जेवणात. शलाका म्हणते, कोरियन लोक जेवणाच्या प्रसंगात खून लपवतात. शलाका म्हणते, तैवानी सिनेमातला पाऊस वेगळा वाजतो. मला तिच्या रूपाचा हेवा नव्हता, खरंच. मला हेवा होता तिच्या खोलीच्या दाराचा. ते बंद करता येत होतं. आत तिच्याकडे अख्खी दुपार होती, सलग, कुणी मध्ये न रडलेली.

एकदा कपाट आवरताना हेडफोनची पिशवी सापडेना. काळे, जाडजूड, चांगल्यातले हेडफोन. लग्नानंतरच्या पहिल्या पाडव्याला मी विश्वजितला ओवाळलं, तेव्हा त्यानं ते तबकात ठेवले होते. साडी नाही, कानातले नाहीत, हेडफोन. सासूबाईंनी कपाळाला हात लावला होता आणि मी हरखून गेले होते.

“अरे, हेडफोन कुठायत?”

“ते होय? शलाकाला दिलेत. तिचे बिघडले.” तो मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला. “नाहीतरी पडूनच होते. तुला आता कुठं वेळ मिळतो बघायला?”

“असू दे,” मी म्हटलं.

खरं म्हणजे मला वेळ मिळत होता. त्याला ते ठाऊक नव्हतं, एवढंच. चोरलेला वेळ कुणाला सांगत नाहीत.

आमच्या घराला लागून यंत्रमागांची शेड होती. दिवसभर खडखड, खडखड. चिमी त्या खडखडाटातच जन्मली आणि त्यातच झोपायची. माग चालू असले की गाढ, वीज जाऊन माग थांबले की दचकून उठायची. मागांचा आवाज तिला चालायचा, दुसरा कुठलाही नाही. चमचा पडला, फोन वाजला, कुणी ‘वहिनी’ अशी हाक मारली की झोळीतून रडं सुरू. म्हणून दुपारी तिला झोळीत घातलं की मी दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवायची, लॅपटॉप मांडीवर घ्यायची आणि आवाज पूर्ण बंद करून सिनेमा लावायची. खाली इंग्रजी अक्षरं येतात, भाषा कुठली का असेना, काय अडतंय? हेडफोन घरात असते तरी मी घातले नसते. कान पोरीकडे ठेवावे लागतात. त्या हेडफोनचा मला काडीचा उपयोग नव्हता, आणि तरीही ते तिच्या कानांवर आहेत हे आठवलं की माझ्या कानांच्या पाळ्या तापायच्या.

अशाच एका दुपारी मला तो कोरियन सिनेमा सापडला. त्याचं नाव लांबलचक होतं, मी मनात त्याला ‘दोन वाट्या’ म्हणायचे. डोंगरातल्या एका गावात एक बाई एकटी राहते. गावात बोललं जातं की तिचा मुलगा बर्फात हरवला. ती रोज संध्याकाळी रांधते, दोन वाट्या मांडते, एकीतलं खाते, दुसरी तशीच मागच्या खोलीकडे घेऊन जाते. सकाळी दोन्ही वाट्या विसळते. मधूनच मागच्या भिंतीला कपाळ टेकवून उभी राहते, डोळे मिटून. शेवटी एक दिवस ती जड कपाट ढकलत त्या भिंतीपाशी नेते, बसते, एकच वाटी मांडते आणि जेवते. तोंडावर अगदी बारीक हसू.

मी धाय मोकलून रडले, तेही आवाज न करता. दुःख गिळून उभी राहिलेली बाई इतकी खरी कधी दिसली नव्हती. झोळीत हात घालून चिमीचा तळपाय धरून बसले होते कितीतरी वेळ.

आणि त्याच संध्याकाळी माझ्या मनात आलं, आता दाखवते. डोळ्यांनी बघायचा सिनेमा काय असतो ते दाखवतेच.

मी सरांना फोन केला. “सर, या महिन्याची चावी मला द्या.”

“अगं, ती शलाकाला...” सर म्हणाले. “पण तू मागतेयस म्हणजे काहीतरी घबाड आहे. घे. मी सांगतो तिला.”

विश्वजितला कळलं तेव्हा त्याचा चेहरा पडला. “तिनं तयारी केली होती गं.”

“मी पण केलीय.”

“तू? कधी?”

मी झोळीला झोका दिला.

त्या रविवारी चिमीला सांभाळायला गडहिंग्लजहून माझी आई आली. मी लग्नातली इरकल नेसले. हॉलमध्ये पाय ठेवला तेव्हा जुनी मंडळी “आलीस का गं बाई!” म्हणत भोवती जमली. शलाका दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती, बारीक, चष्मा, खांद्याला कापडी पिशवी. विश्वजित तिच्या मागच्या रांगेत. मी ते बघून घेतलं.

उभी राहिले आणि बोलले. छान बोलले, अजून आठवतंय. म्हणाले, “इतके महिने तुम्ही थ्रिलर ऐकताय. आज जरा शांत बसा. हे एका आईच्या दुःखाचं चित्र आहे. या घरात आवाजच नाही. कुणी दार वाजवत नाही, कुणी हाक मारत नाही. उरल्यात त्या दोन वाट्या. त्यांच्याकडे बघत राहा.”

‘ऐकताय’ म्हणताना मी शलाकाकडे बघितलं होतं. तिनं झटकन मान वर केली. भुवया आक्रसल्या. मी मनात म्हटलं, झोंबलं.

दिवे मालवले. मी खुर्चीत बसले, पडद्याकडे पाठ करून, तोंड माणसांकडे. सिनेमा सुरू झाला.

आधी वारा आला. मग भांड्यात काहीतरी रटरटल्याचा आवाज, फळीवर सुरी. माझ्या बाईचं घर मला पहिल्यांदा ऐकू येत होतं आणि मी लाडानं ऐकत होते. मग वाटी टेकवल्याचा आवाज. दुसरी वाटी.

आणि मग, अगदी हलका: टक.

लाकडावर नख वाजावं तसा. मला वाटलं, खिडकी असेल. परत. टक, टक. पहिल्या रांगेतल्या हावळ काकूंनी पदर ओठांशी नेला. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ह्या का घाबरल्या? पावलं आली, बाईचीच, मागच्या खोलीकडे. वाटी सरकवल्याचा आवाज. आणि त्यानंतर भिंतीपलीकडून कुणीतरी घाईघाईनं खात होतं. चमचा वाटीच्या तळाला खरवडत होता. लहान घास, लहान श्वास.

आणि मला कळलं.

पोरगा हरवलेला नव्हता. भिंतीमागं होता, तिनंच कोंडलेला. ती कपाळ टेकवायची ते रडायला नाही, ऐकायला. सकाळी दुसरी वाटी रिकामी असायची, ती तिनं रात्री उठून खाल्ली म्हणून नव्हे.

मागं वळून बघायची सोय नव्हती, खुर्चीचा नियम. समोर मात्र सगळ्यांच्या तोंडावर सिनेमा चालला होता. पडद्याचा उजेड त्यांच्यावर हलत होता आणि एकेक चेहरा आतून मिटत होता. पुढं काय होणार ते त्या हॉलमध्ये दोघींनाच ठाऊक होतं. मला दृश्य पाठ होतं. शलाकाला सगळंच, हे मला नंतर कळलं.

कपाट ढकलल्याचा आवाज सुरू झाला तेव्हा मी पदराआड मुठी आवळल्या. घरर, घरर. आतून टकटक वाढत गेली. मग एकच वाटी टेकवल्याचा आवाज. चमचा. टक. चमचा. टक... आणि मग नुसता चमचा.

तिथं ती बारीक हसते. मला माहीत होतं. त्या हसण्यासाठी मी रडले होते.

दिवे लागले. मग बेडकिहाळ सर उठले आणि टाळ्या वाजवायला लागले. “पोरी, पोरी! काय फसवलंस गं! आईचं दुःख म्हणे! या घरात आवाज नाही म्हणे! म्हणजे प्रत्येक टकटकीला आमच्या कानाखाली वाजवलीस की!”

सगळा हॉल बोलायला लागला. हावळ काकू म्हणाल्या, “मला आज रात्री झोप यायची नाही, तूच ये थोपटायला.” आणि विश्वजित उभा होता, छाती पुढं काढून, शेजारच्याला म्हणत होता, “बायको कुणाची?” वर्षभर जी नजर मी घरभर शोधत होते ती त्याच्या डोळ्यांत होती. लखलखीत. पायरीवाल्या जपानी म्हाताऱ्यासाठी होती त्याहून जास्त.

मी हसले. तेवढंच करायचं होतं, हसायचं आणि घरी जायचं.

“मला एक विचारायचंय,” शलाका म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. जरा घोगरा होता. “तुम्ही म्हणालात, त्या घरात आवाजच नाही. ते मुद्दाम म्हणालात?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिनं टोमणा मारला नव्हता, तिला खरंच समजून घ्यायचं होतं. ‘हो’ म्हटलं असतं तर संपलं असतं. मी विश्वजितकडे बघितलं. तो अजून हसत होता, माझ्या वतीनं ‘हो’ म्हणायला तयार.

“नाही,” मी म्हटलं. “मी हा सिनेमा आज पहिल्यांदा ऐकला.”

कुणाला काही कळलं नाही.

“घरी मी आवाज बंद करून बघते. बाळ झोपलेलं असतं. सगळे सिनेमे तसेच बघते, बाळ झालं तेव्हापासून. मला ती बाई दुःखी वाटली होती. मी तुम्हाला फसवलं नाही. मला तसंच दिसलं होतं.”

खरं बोलावं म्हणून बोलले असं नाही. सर, हावळ काकू, शलाका, त्यांच्यासाठीही नाही. त्या हॉलमधल्या एकाच माणसाला ऐकू जावं म्हणून बोलले.

“आवाज बंद करून?” विश्वजित म्हणाला. “पण मग हेडफोन...”

आणि त्याची नजर दुसऱ्या रांगेकडे गेली.

“हेडफोन यांच्याकडे आहेत,” मी शलाकाकडे हात केला.

शलाकाचा हात आपोआप कापडी पिशवीवर गेला. तिचा चेहरा असा ओशाळा झाला की माझा वर्षभराचा हेवा तिथल्या तिथं तोंडघशी पडला. पण पूर्ण मेला नाही, खोटं का बोला.

गाडीवरून घरी परतलो. आईनं दार उघडलं, म्हणाली, “कसा झाला सिनेमा?” तो म्हणाला, “छान.” आणि चिमीला घेऊन आत गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दारावर कुणीतरी अगदी हळू नख वाजवलं. टक, टक. उघडलं तर शलाका. आवाज खाली ठेवून म्हणाली, “बेल वाजवली नाही. बाळ झोपलं असेल म्हणून.”

पिशवीतून हेडफोन काढून तिनं माझ्या हातात ठेवले. “ते म्हणाले, घरी पडून आहेत. तुमचे आहेत हे नाही बोलले.”

“पाडव्याची ओवाळणी आहे ती.”

“अगं बाई!” ती मटकन जमिनीवरच बसली. “माझी आई असती तर मला बडवलं असतं. दुसऱ्या बाईची ओवाळणी कानाला लावून फिरतेय मी!”

मला हसू आलं. तोंडावर हात दाबून हसावं लागलं. झोळीकडे बोट दाखवलं तशी तीही तोंड दाबून हसायला लागली. हेडफोन मी टीव्हीच्या फळीवर ठेवून दिले.

“एक सांगू?” थोड्या वेळानं ती म्हणाली. “काल तुम्ही बोलत होतात तेव्हा मला इतका राग येत होता. हा सिनेमा मी कितीदा बघितलाय. दारं लावून, दिवे घालवून, अगदी विधीसारखा. ती बाई मला एकदाही बिचारी वाटली नाही. तुम्ही तिच्याबद्दल ज्या मायेनं बोलत होतात... मला वाटलं, हिनं बघितलेला सिनेमा मला का नाही दिसला? रात्रभर हाच विचार. दाखवाल?”

“काय?”

“तुमचा सिनेमा. आवाज बंद करून.”

मी लॅपटॉप आणला. दोघी भिंतीला टेकून बसलो. दोरी माझ्या अंगठ्यात, शेजारी मागांची खडखड. बाई रांधायला लागली. वाटी मांडली. दुसरी वाटी. मी वाट बघत होते, माझी ती दुःखी बाई परत येईल म्हणून.

“येतंय का ऐकू?” मी कुजबुजले.

“येतंय की,” शलाका म्हणाली. “आवाज बंद आहे आणि तरी टकटक ऐकू येतेय.”

“मलाही.”

“गेला ना मग तो सिनेमा? तुमचाही गेला.”

गेला होता. आठवड्यापूर्वी याच भिंतीला टेकून एक बाई बसली होती, तिला एक अतिशय हळवा सिनेमा दिसला होता, आणि जगात तो फक्त तिलाच दिसला होता. शलाकाचा हेवा करता करता मला त्या बाईचा हेवा वाटायला लागला. मी शलाकाला सगळं सांगत गेले, कुठल्या प्रसंगाला मला काय वाटलं होतं ते. ती ऐकत होती, मधूनच “हां, हां, असंही होऊ शकतं” म्हणत होती. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं ते कळलं नाही. ती थाई सिनेमांची नावं सांगत होती, मी म्हणत होते, “आवाज किती महत्त्वाचा आहे तेवढं आधी सांगत जा गं.” आणि आम्ही परत तोंड दाबून खिदळत होतो.

दारात सावली आली. विश्वजित. सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या ऑफिसातून अवेळी घरी आलेला, हातात एका दुकानाची पिशवी, आणि पिशवीत चौकोनी खोका. नवे हेडफोन असणार. तो आमच्याकडे बघत उभा राहिला. दोघी खांद्याला खांदा लावून, एकच पडदा. त्याच्यासाठी जागा नव्हती. त्याच्या तोंडावर जे आलं ते मी लगेच ओळखलं. ते मी वर्षभर आरशात बघितलं होतं.

“काय चाललंय?” तो म्हणाला. “मला नाही बोलावलंत?”

“शूऽऽ,” आम्ही दोघी एकदम म्हणालो.

आणि तेवढ्यात वीज गेली. माग थांबले. सगळीकडे एकदम शांत झालं आणि चिमी दचकून उठली.

मी उठले नाही. अंगठ्यातली दोरी काढली आणि त्याच्यापुढं धरली. त्यानं पिशवी खाली ठेवली, चिमीला उचललं, खांद्यावर घेऊन थोपटायला लागला.

“पुढच्या महिन्याची चावी शलाकाची आहे,” मी म्हटलं. “मी जाणार आहे. चिमीपाशी तू थांब.”

“होय की, थांबतो,” तो म्हणाला. मग चिमीच्या टाळूवर गाल ठेवून, “आणि ही झोपली की मी काय करू?”

“सिनेमा बघ की,” मी म्हटलं. “आवाज बंद करून.”